एकट्याची होडी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

व्यासपीठावरचे आणि समोर बसलेले आमचे सगळे सर आणि बाई, माझ्या दहावीच्या तुकडीतले मित्र-मैत्रिणींनो, आणि आपल्याला कंटाळून मागच्या रांगेत मोबाइल बघत बसलेल्या आपल्या मुलांनो,

संयोजकांनी मला ‘आयटी क्षेत्रातील संधी’ असा विषय दिला होता. त्यावर बोलणारे आपल्या तुकडीत आणखी तिघं आहेत, आणि मागच्या रांगेतल्या मंडळींना त्यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून मी विषय बदलून मागितला. मी एका होडीबद्दल बोलणार आहे. एका माणसाने बसायची, एका शिडाची, वाऱ्यावर चालणारी लहान होडी. इंग्रजीत तिला डिंगी म्हणतात. शब्द ऐकायला परका वाटतो, पण तो आपल्याच देशातल्या बोलीतून इंग्रजीत गेला. नदीतल्या लहान होडीला उत्तर हिंदुस्थानात आणि बंगालात डेंगी, डिंगी म्हणत. साहेबाने तो शब्द उचलला, जगभर फिरवला आणि आता तो आपल्याकडे परत आला आहे.

तुम्ही म्हणाल, कळंबात होडीचं काय काम? आपला जिल्हा कान्होजी आंग्र्यांचा. अलिबागला त्यांची राजधानी. १९८१ पर्यंत जिल्ह्याचं नावसुद्धा कुलाबा होतं. पण आपण डोंगराच्या बाजूचे. आपल्याला समुद्र माहीत झाला तो शाळेच्या सहलीत आणि भूगोलाच्या पुस्तकात. तरी माझं म्हणणं शेवटी आपल्या गावाशीच येऊन थांबणार आहे, आणि आपण गोळा केलेल्या निधीशीही. तोवर थोडा धीर धरा.

मी ही होडी शिकले वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, मुंबई बंदरात. ऑफिसातली एक सहकारी दर शनिवारी जायची, तिच्याबरोबर गेले. त्याआधी वाटायचं की शिडाची होडी म्हणजे श्रीमंतांचं काम, पांढरे कपडे, काळा चष्मा. गेल्यावर पाहिलं तर हाताला दोराचे घट्टे, अंगाला खारट चिखल आणि गुडघे फुटलेले. एकूण आपल्या कबड्डीच्या मैदानासारखंच.

आधी होडी कशी असते ते सांगते. जगात लहान मुलं शिडाची होडी शिकतात ती बहुतेक ठिकाणी ‘ऑप्टिमिस्ट’ नावाच्या होडीवर. पुढचं टोकही कापलेलं, म्हणजे नाळ नाहीच. लाकडी खोक्याला शीड लावल्यासारखी दिसते. १९४७ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडात क्लिअरवॉटर या गावी क्लार्क मिल्स नावाच्या होडी बांधणाऱ्याने ती काढली. गावातल्या लोकांना मुलांसाठी स्वस्त खेळ हवा होता. अट अशी की होडी पन्नास डॉलरच्या आत झाली पाहिजे आणि बाप-लेकाला घरच्या घरी ठोकता आली पाहिजे. प्लायवूडचा तक्ता आठ फुटी मिळतो, म्हणून मिल्सने होडी आठ फुटांच्या आत बसवली. आजही ती पावणेआठ फुटांची आहे आणि वजन फक्त ३५ किलो. सुंदर दिसावी म्हणून तिचा आकार तसा नाही. तक्ता वाया जाऊ नये म्हणून तसा आहे. आपल्या सुतारकाम करणाऱ्या मित्राला हे लगेच पटेल. पंधरा वर्षांपर्यंतची मुलं ती चालवतात. पुढे ऑलिंपिकला गेलेले कितीतरी खेळाडू या खोक्यातूनच निघाले.

तिच्यापुढची होडी म्हणजे ‘लेझर’. मी चालवते ती हीच. १९६९ साली कॅनडाचे इयन ब्रूस यांनी ब्रूस कर्बी यांना फोन केला. एका कंपनीला सहलीच्या सामानाबरोबर मोटारीच्या टपावर बांधून नेता येईल अशी होडी हवी होती. कर्बींनी फोनवर बोलता बोलता कागदावर एक रेखाटन केलं. त्या कंपनीने पुढे काही केलं नाही, पण रेखाटन राहिलं, आणि १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात होडी विक्रीला आली. त्यानंतर अशा दोन लाखांहून जास्त होड्या बनल्या. १९९६ पासून ती ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी आहे आणि २००८ पासून स्त्रियांसाठी. २०१९ मध्ये नावाच्या हक्कावरून वाद झाला आणि तिचं अधिकृत नाव ‘इल्का’ झालं. बंदरात मात्र अजून सगळे लेझरच म्हणतात. व्हीटीचं सीएसएमटी झालं तरी लोक व्हीटीच म्हणतात, तसंच.

लेझर सुमारे चौदा फूट लांब आणि ५९ किलो वजनाची. दोघांनी उचलून पाण्यात सोडायची. डोलकाठीचे दोन तुकडे एकात एक बसतात. शिडाला एका बाजूने लांब खोळ असते, ती उशीच्या अभ्र्यासारखी काठीवर चढवायची. काठीला ताण द्यायला तारा नाहीत, काही नाही. मध्ये एक फळी पाण्यात खाली सोडायची, मागे सुकाणू. शीड ओढायचा एक मुख्य दोर. त्या दोराला इंग्रजीत ‘शीट’ म्हणतात, म्हणजे शीट म्हणजे शीड नव्हे. पहिल्या दिवशी सगळ्यांची गडबड होते. एका हातात तो दोर, दुसऱ्या हातात सुकाणूचा दांडा, आणि बूड होडीच्या काठावर. झालं. पंधरा-वीस मिनिटांत होडी तयार.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की होडीचं अंग एकच, पण शिडं तीन मापांची मिळतात: ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटर. हलक्या मुलाला लहान शीड, मोठं झाल्यावर मोठं. खालची काठी आणि शीड बदललं की तीच होडी पुढची दहा-पंधरा वर्षं चालते. मोठ्या भावाची सायकल सीट वर करून धाकटीला चालते, तसं.

आता भूगोलाच्या सरांसाठी. सर, तुम्ही खारे वारे आणि मतलई वारे फळ्यावर दोन बाण काढून शिकवले होते. दिवसा जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते, समुद्राकडून थंड हवा येते, ते खारे वारे. रात्री उलटं, ते मतलई. आम्ही ते चार गुणांसाठी पाठ केलं. मुंबई बंदरात ते दोन बाण खरे दिसतात. ऑक्टोबरनंतरच्या दिवसांत सकाळी पाणी शांत, वारा पडलेला. दुपार झाली की वायव्येकडून खारा वारा धरतो. आधी लांब पाण्यावर एक काळपट पट्टा दिसतो, तो हळूहळू जवळ येतो, आणि मग शीड फडफडतं. आमच्या शर्यती त्याच वेळेला असतात. खाली भरती-ओहोटी वेगळीच. मुंबईत उधाणाच्या वेळी पाणी चार मीटरहून अधिक चढतं-उतरतं. वारा एकीकडे ढकलतो, पाणी दुसरीकडे. दोन्हींचा हिशेब ठेवल्याशिवाय होडी हवी तिथे जात नाही.

आणि विज्ञानाच्या बाईंसाठी. वारा मागून आला तर होडी पुढे जाते, हे कोणालाही कळतं. पण वाऱ्याच्या दिशेने, समोरून येणाऱ्या वाऱ्यावर होडी कशी चढते? हा प्रश्न मला माझ्या इंजिनिअरिंगच्या पदवीनंतरही नीट कळलेला नव्हता. होडीत बसल्यावर कळला. शीड सपाट नसतं, त्याला पोट असतं. वारा त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहतो आणि विमानाच्या पंखासारखा जोर तयार होतो. हा जोर होडीला थोडा पुढे आणि बराचसा बाजूला ढकलतो. पाण्यात सोडलेली फळी बाजूला जाऊ देत नाही. मग उरतं काय? पुढे जाणं. फणसाची ओली आठळी दोन बोटांत दाबली की ती बाजूला न जाता सुळकन पुढे निसटते ना, तसं. बलांचा समांतरभुज चौकोन बाईंनी काढून दाखवला होता, तो इथे बुडाखाली जाणवतो.

तरीसुद्धा अगदी नाकासमोरच्या वाऱ्यावर कुठलीच होडी जात नाही. वाऱ्याला साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून आधी एका बाजूला, मग वळून दुसऱ्या बाजूला, असं नागमोडी चढायचं. माथेरानची गाडी नेरळहून सरळ वर चढत नाही, वळणं घेत घेत चढते. वाट लांबते, पण तीच वाट आहे. नवीन माणसाला होडीचं टोक थेट खुणेकडे करावंसं वाटतं. तसं केलं की शीड नुसतं फडफडतं आणि होडी जागेवर उभी. शिडावर लोकरीचे लहान धागे चिकटवलेले असतात. दोन्ही बाजूंचे धागे मागे सरळ वाहत असले तर तुमचं बरोबर चाललंय. एक वर उडाला तर दोर ओढा, नाहीतर सुकाणू थोडं वळवा. माझ्या कामात चूक शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते, नाहीतर कशाने काय झालं ते कळत नाही. तेच इथेही.

आता उलटण्याबद्दल. ही होडी उलटते. घाबरवण्यासाठी सांगत नाही. ती उलटणार हे धरूनच ती बनवलेली आहे. वाऱ्याचा झोत आला की होडी कलते. काठावर बसून, पाय आतल्या पट्ट्याखाली अडकवून, अंग बाहेर झोकून तिला सरळ ठेवायचं. नाही जमलं तर धप्पकन पाण्यात. शिकवणारे पहिल्याच दिवसांत मुद्दाम उलटवायला लावतात. त्याचे नियम ठरलेले. अंगात लाइफ जॅकेट हवंच. होडी सोडून पोहत किनाऱ्याकडे निघायचं नाही, कारण होडी तरंगते आणि लांबून दिसते, एकट्या माणसाचं डोकं दिसत नाही. पोहत तळाच्या बाजूला यायचं, बाहेर आलेली फळी धरायची, होडीच्या काठावर पाय टेकवून मागे झुकायचं. काठी हळूहळू पाण्यातून वर येते आणि होडी उभी राहते. मग आत चढायचं. आत साचलेलं पाणी होडी पुढे चालू लागली की तळाच्या भोकातून आपोआप निघून जातं. सगळं मिळून दोन-तीन मिनिटं.

पण या दोन-तीन मिनिटांत दुसरं कोणी नसतं. मदतीची बोट जवळ असते, ती बघत राहते, पण लगेच हात देत नाही. शाळेत आपल्यापैकी कितीतरी मुली उत्तर येत असूनही हात वर करत नव्हतो. हे उत्तर मात्र स्वतःच द्यावं लागतं, शेजारच्या बाकाकडे बघून चालत नाही. आमच्या क्लबात बारा वर्षांची एक मुलगी यायची. जमिनीवर आईच्या पदराआड उभी राहायची, एक शब्द बोलायची नाही. दोन महिन्यांनी तीच मुलगी पाण्यावर दुसऱ्या होडीला ‘वाट सोडा’ म्हणून ओरडत होती, आणि तिचा तो हक्क नियमाने होता.

नियमांचं सांगते, कारण हे मागच्या रांगेतल्यांना आवडेल. शर्यत सुरू व्हायला पाच मिनिटं असताना एक झेंडा वर जातो आणि भोंगा वाजतो. चार मिनिटं असताना दुसरा झेंडा. एक मिनिट उरलं की तो खाली. शून्याला पहिलाही खाली, आणि शर्यत सुरू. होडीला ब्रेक नाही, त्यामुळे ती पाच मिनिटं सगळे त्या रेषेमागे घिरट्या घालत असतात, मुंबईच्या लोकलची वाट बघणाऱ्या माणसांसारखे. ज्याच्यावर वारा उजव्या बाजूने येतोय त्याला वाट द्यायची. दोघांवर एकाच बाजूने येत असेल तर वाऱ्याकडच्याने दुसऱ्याला वाट द्यायची. आणि नियम मोडला तर? मैदानात असतो तसा शिट्टी मारणारा पंच तिथे बहुधा नसतो. ज्याने मोडला त्याने स्वतःच, बाजूला होऊन, होडी दोनदा गोल फिरवायची आणि मग पुढे जायचं. तेवढ्यात चार-पाच होड्या पुढे निघून जातात. कोणी पाहिलं नसलं तरी फिरवायची. दुसऱ्याबद्दल तक्रार असेल तर तिथल्या तिथे ‘प्रोटेस्ट’ ओरडून सांगायचं आणि किनाऱ्यावर सुनावणी मागायची. मागून कुजबुज नाही.

गुणही उलटे. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. ज्याचे गुण सगळ्यात कमी तो जिंकला. बऱ्याच शर्यती असल्या तर आपली सगळ्यात वाईट शर्यत सोडून देतात. एक दिवस बिघडला म्हणून वर्ष जात नाही. दहावीला असा नियम असता तर आपल्यातल्या काही जणांचं भलं झालं असतं. आणि मुख्य म्हणजे लेझरच्या शर्यतीत सगळ्यांची होडी सारखी, शीड सारखं. तुझ्या बापाने महाग होडी घेतली म्हणून तू पुढे, असं नाही. सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका.

मग हा खेळ आपल्याकडे खेळतं कोण? रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६ चा. गेटवेजवळ त्याची इमारत आहे. कित्येक वर्षं तिथे हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हतं. स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. त्याच क्लबाच्या जुन्या इमारतीत पुढे अणुऊर्जा खात्याचं कार्यालय आलं, ही गोष्ट मला फार आवडते. १९८२ च्या दिल्लीच्या एशियाडमध्ये शिडांच्या शर्यती मुंबईला झाल्या, आणि त्यात फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल या दोघांच्या होडीत सुवर्णपदक मिळवलं. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे या आपल्या मराठी माणसाने ‘म्हादेई’ नावाच्या, गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. मुंबईहून निघाले आणि नऊ महिन्यांनी मुंबईलाच परत आले. त्यांची नौका मोठी, पण एकट्याने निर्णय घ्यायची सवय लागते ती लहान होडीतच.

तुम्ही म्हणाल, ही सगळी समुद्रकाठची आणि सैन्यातली माणसं. म्हणून आता भोपाळचं सांगते. भोपाळपासून समुद्र किती लांब आहे ते नकाशात बघा. पण तिथे मोठा तलाव आहे, आणि त्या तलावावर मध्य प्रदेशात सेलिंग शिकवलं जातं. तिथे शिकलेल्या हर्षिता तोमरने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत लेझर ४.७ मध्ये, म्हणजे लेझरच्या सगळ्यात लहान शिडाच्या प्रकारात, कांस्यपदक आणलं. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मुलीने, नेहा ठाकूरने, त्याच शिडावर मुलींमध्ये रौप्यपदक मिळवलं. तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्याच स्पर्धेत विष्णू सरवणन या लष्करातल्या खेळाडूने मोठ्या शिडाच्या लेझरमध्ये कांस्य आणलं; त्याचा सराव मुंबईतल्या लष्कराच्या केंद्रात चालतो. चेन्नईची नेत्रा कुमनन ही ऑलिंपिकच्या सेलिंगसाठी पात्र ठरलेली पहिली भारतीय स्त्री. टोकियोला गेली, पॅरिसलाही गेली, दोन्ही वेळा लेझरवर, मधल्या शिडावर. हैदराबादला शहराच्या मधोमध असलेल्या हुसेनसागरावर यॉट क्लब ऑफ हैदराबाद आहे, आणि तिथे वस्त्यांमधली, साध्या शाळांमधली मुलं राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत जातात.

यावरून मला एवढंच सांगायचं आहे की या खेळाला समुद्र लागत नाही. पाणी लागतं, वारा लागतो आणि पाण्याची भीती घालवणारं कोणीतरी लागतं.

पाणी आपल्याकडे आहे. फारच आहे. पावसाळ्यात नेरळ-कळंब रस्त्यावर दहिवलीच्या पुलावरून उल्हासचं पाणी जातं आणि मिनिडोर दोन्हीकडे अडकून पडतात, ते तुम्ही मला सांगायला नको. घाटावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी भिवपुरीला टाटांच्या केंद्रात १९२२ पासून वीज करतं आणि मग खाली पेज नदीत येतं, म्हणून पेज उन्हाळ्यातही वाहते. धबधबे आणि धरणं बघायला मुंबई-पुण्याची गर्दी येते, दर वर्षी बंदीचे आदेश निघतात आणि दर वर्षी कोणीतरी बुडतं. देशात एका वर्षात तीस हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात, ही सरकारी नोंद आहे. पण आपल्याला आकडा कशाला हवा? आपल्या वेळी आपल्याच शाळेतला एक मुलगा पावसाळ्यात ओढ्याला गेला आणि परत आला नाही. त्याचं नाव मी घेत नाही, त्याची आई गावातच आहे. त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती, एवढं आपल्या सगळ्यांना आठवत असेल.

आता मैत्रिणींनो, तुम्ही आठवा. आपल्या वर्गातली मुलं डोहात उड्या मारायची. वाडीवरची कातकरी आणि ठाकर मुलं तर माशासारखी पोहायची. त्यांना पाण्यातलं जे कळायचं त्याचं प्रमाणपत्र कधी कोणी दिलं नाही, म्हणून ते कोणाच्या लेखी ज्ञान ठरलं नाही. आपण मुली नदीवर जायचो त्या धुण्याची बादली घेऊन. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि ‘पुढे जाऊ नकोस गं’ ऐकायचं. मी पोहायला शिकले ती इंजिनिअरिंग कॉलेजच्या तलावात, एकोणिसाव्या वर्षी. वर्गातल्या किती जणींना आज पोहता येतं, हे मी गेल्या महिन्यात ग्रुपवर विचारलं होतं. एकवीस जणींनी उत्तर दिलं. चौघींना येतं. आणि आपल्या मुलींपैकी किती जणींना? ते आपापल्या घरी विचारा.

म्हणून आता निधीचं. आपण तीस वर्षांनी एकत्र आलो म्हणून जे पैसे जमवले आहेत, त्यातून शाळेला कमान बांधावी असा बहुमताचा विचार आहे. मी कमानीच्या विरोधात नाही. शाळेचं नाव मोठं दिसावं असं मलाही वाटतं. पण माझी विनंती आहे की त्यातला निम्मा भाग वेगळा काढावा आणि त्यातून तीन गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट, आठवीतल्या प्रत्येक मुलाला आणि प्रत्येक मुलीला पोहायला शिकवायचं. तलाव कुठून आणणार? मित्रांनो, आपल्या आजूबाजूला मुंबईकरांची किती फार्महाउसं आहेत? रिसॉर्ट किती? निळ्या फरश्यांचे तलाव शनिवार-रविवार भरलेले असतात आणि सोमवार ते गुरुवार रिकामे. आपल्यातले काही जण तिथे कंत्राटं घेतात, काही जणांच्या घरची माणसं तिथे माळीकाम आणि राखण करतात. तलावात औषध टाकणाऱ्याच्या मुलीला त्या तलावात उतरता येत नाही. दोन मालकांशी मी बोलले आहे. एकाने आठवड्यातून दोन दिवस, सकाळी दोन तास द्यायची तयारी दाखवली आहे. शिकवणारा आणि शिकवणारी दोघंही हवीत, नाहीतर पालक मुलींना पाठवणार नाहीत. त्यांचं मानधन, मुलींचे पोहण्याचे कपडे आणि जायची-यायची गाडी, एवढाच खर्च.

दुसरी गोष्ट, बुडणाऱ्याला काय करायचं ते नववी-दहावीला शिकवायचं. पाण्यात उडी मारायची नाही. दोर फेकायचा, लांब बांबू पुढे करायचा, रिकामा बंद डबा टाकायचा, मोठ्या माणसाला हाक मारायची. एक बुडत असताना त्याला काढायला गेलेला दुसरा बुडतो, हे आपल्या भागात पुन्हापुन्हा घडलं आहे. वाडीवरच्या ज्या मुलांना पाणी कळतं त्यांनाच यात पुढे उभं करायचं, शिकवणाऱ्याच्या बाजूला.

आणि तिसरी गोष्ट माझ्या होडीची. लगेच होडी विकत घेऊ नका. नवी लेझर कित्येक लाखांना पडते, आणि धरणाच्या पाण्यात परवानगीशिवाय, मदतीच्या बोटीशिवाय मुलांना उतरवणं हा वेडेपणा होईल. पण पोहता येणाऱ्या मुलांमधून दर वर्षी चार जण, त्यात निदान दोन मुली, मुंबईला नवशिक्यांच्या शिबिरात पाठवू. एकदा ऑप्टिमिस्टमध्ये बसू दे. एनसीसीच्या नौदल विभागात शिडाची होडी शिकवतात. लष्कराच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या आठ ते चौदा वयाच्या मुलांच्या निवडचाचण्या घेतात, राहणं-शिकणं सगळं तिथेच. या वाटा आहेत हे आपल्या वाडीवर कोणी जाऊन सांगितलेलं नाही. आपल्याकडच्या मुलांचं वजन हलकं, दम चांगला आणि पाण्याची ओळख जुनी. या खेळाला याहून वेगळं काय लागतं? राहण्याची सोय मी बघेन. शिबिराची पहिल्या वर्षाची फी माझ्याकडून.

त्या चौघांतलं कोणी पदक आणेल असं आश्वासन मी देत नाही. बहुतेक आणणार नाहीत. पण एखादी मुलगी पाण्यात पडेल, कोणी हात द्यायच्या आत फळी धरून स्वतःची होडी सरळ करेल आणि पुढे जाईल. ती घरी आल्यावर कोणी तिला ‘पुढे जाऊ नकोस’ म्हणालं, तर ती निदान विचारेल की का, पाणी किती खोल आहे, वारा कुठून आहे. एवढं झालं तरी कमानीइतकंच नाव शाळेचं होईल.

दुपारी जेवणानंतर निधीवर चर्चा आहे. सर, बाई, तुमचं मत आम्हाला हवं आहे, त्याशिवाय आम्ही ठरवणार नाही. फार्महाउसवाल्या मित्रांनी जेवताना माझ्या पंगतीला बसावं, मला त्यांच्याकडून आणखी दोन तलाव मिळवायचे आहेत.